मूल वाचते आहे की पाठ म्हणते आहे?

(मिशन रविवारच्या संध्याकाळच्या सभेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण. मेळघाटातील वाचनवर्गात त्या स्वयंसेविका म्हणून काम करतात.)



मला बोलायला पंचवीस मिनिटे दिली आहेत. मी शिक्षिका आहे, त्यामुळे तासाची घंटा पाळायची सवय आहे. तरी थोडे इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प आणि कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तुम्ही ती संडेस्कूलपासून ऐकली आहे. अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्प धावत जाऊन रथाजवळ पोहोचला. त्याने त्या माणसाचे वाचन ऐकले आणि पहिल्याच वाक्यात विचारले, की वाचतो आहेस ते कळते आहे का? त्याने उच्चार तपासले नाहीत, वेग मोजला नाही. मी छत्तीस वर्षे शिकवले. त्यातली पहिली कितीतरी वर्षे हा प्रश्न मी एकाही मुलाला विचारला नाही. आज त्याचीच कबुली द्यायला उभी आहे.

निवृत्तीच्या तीन वर्षे आधीची गोष्ट. धारणी तालुक्यातल्या एका गावात माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. मुले बहुतेक कोरकू. त्यात एक मुलगी होती, हुशार, नियमित, पहिल्या बाकावर बसणारी. वाचायला सांगितले की उभी राहून, ओळीखाली बोट धरून, खणखणीत आवाजात धडा वाचायची. कोणी साहेब तपासणीला आले की मी तिलाच उठवत असे. एक दिवस ती अशीच वाचत होती. वाऱ्याने पान उलटले. बोट नव्या पानावर सरकत राहिले आणि तोंडाने मात्र जुन्या पानावरचा धडा चालूच राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत. एक शब्द चुकला नाही.

वर्ग शांत होता. कोणाला काही वावगे वाटले नव्हते, कारण बाकीची मुलेही तशीच वाचत होती. मी फळ्यावर "कान" असा दोन अक्षरांचा शब्द लिहिला आणि तिला विचारले. तिने माझ्याकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. चार वर्षे शाळेत आलेल्या मुलीला "कान" वाचता येत नव्हते. तिने मला फसवले नव्हते. मी शिकवत होते तेच ती करत होती. मी म्हणायचे, मुले मागून म्हणायची. त्यालाच आम्ही दोघी वाचन समजत होतो.

हे एका गावापुरते नाही. "असर" नावाची पाहणी २००५ पासून देशातल्या गावोगावी जाऊन मुलांना घरी वाचायला देते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना तो आला नाही. आदिवासी पाड्यांवर अडचण आणखी दाट होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि राज्यातल्या अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के. अंतर कोठे पडते, असे मला विचाराल तर मी सांगेन की पहिली-दुसरीतच पडते. सातवी-आठवीत ते फक्त दिसायला लागते.

आता असे का होते ते सांगते.

पहिली गोष्ट भाषेची. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिचे नातेवाईक दूर झारखंडकडे, संथाळी आणि मुंडारी. म्हणजे कोरकू मुलाला पहिलीच्या वर्गात मराठी ऐकणे हे आपल्याला तमिळ ऐकण्यासारखे आहे. पाण्याला ते "डा" म्हणतात. माशाला म्हणतात "काकू". आता आपल्या पहिलीच्या पुस्तकात काका, काकू, मामा, मामी ही ठरलेली मंडळी. "काकू आली" असे वाक्य मी फळ्यावर लिहिले, की मागच्या बाकावर खुसखुस सुरू व्हायची. मी कित्येक वर्षे दटावत राहिले. मासा चालत आला म्हणून पोरे हसत होती, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

आपल्या राज्यघटनेच्या ३५०-क कलमात प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयी सांगितले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तोच आग्रह धरला आहे. पण वर्गात उभ्या असलेल्या बाईला कोरकू येत नसेल, तर कलम काय करणार?

दुसरी गोष्ट लिपीची. आपल्याला वाटते, देवनागरी सोपी, जसे बोलतो तसे लिहितो. मोठ्यांना सोपी आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांत फरक केवढासा? "किती" या शब्दात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, पण म्हणायची नंतर. "सूर्य" मधला र दिसतो य च्या डोक्यावर आणि म्हणायचा य च्या आधी. "प्रकाश" मध्ये तोच र पायाखाली तिरकी रेघ होतो. "चार" आणि "चाक" यांत च एकच, पण उच्चार दोन. यातले काहीही मुलाला आपोआप कळत नाही. प्रत्येक गोष्ट दाखवावी लागते आणि पुन्हा पुन्हा दाखवावी लागते.

तिसरी गोष्ट आमच्या पद्धतीची. आम्ही अ पासून ज्ञ पर्यंत सगळी वर्णमाला आधी घोकून घेत असू, मग बाराखडी आणि मग शब्द. मुलाच्या हाती पहिला अर्थपूर्ण शब्द येईपर्यंत वर्ष संपायचे. आणि मेळघाटात वर्ष सलग नसते. दिवाळी झाली, सोयाबीन निघाले, की कुटुंबे हाताला काम शोधत परतवाडा, अमरावती, अकोल्याकडे उतरतात. मुले बरोबर जातात. होळीला परत येतात, कारण कोरकूंना होळी गावातच करायची असते. तोवर वर्ग "क्ष" पर्यंत पोहोचलेला आणि हे मूल "ग" पाशी राहिलेले. पुढच्या जूनमध्ये ते वरच्या वर्गात जाते आणि पुस्तक आणखी जाड होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ठरवले की राहिलेली तीन वर्षे नव्याने शिकायचे. काही जुन्या सहकाऱ्यांकडून, काही पुस्तकांतून आणि बरेचसे मुलांकडूनच शिकले. निवृत्तीनंतर आपल्या मिशनच्या मदतीने संध्याकाळचा वाचनवर्ग सुरू झाला. तिथे आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते. आपल्यापैकी कोणाला आपल्या वस्तीत करावेसे वाटले तर उपयोगी पडेल.

आधी मूल कोठे उभे आहे ते पाहतो. एका कागदावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक लहान गोष्ट. मूल यातले काय वाचते ते शांतपणे ऐकायचे. पाच मिनिटांचे काम आहे. मग मुलांचे गट वाचनाच्या पातळीप्रमाणे करायचे, इयत्तेप्रमाणे नाही. पाचवीचा मुलगा आणि दुसरीची मुलगी एका सतरंजीवर बसतात. सुरुवातीला मोठ्यांना लाज वाटते. पण पहिल्या आठवड्यात दोन शब्द वाचता आले की लाज जाते. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणींनी "बालसखी" म्हणून मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवले. त्याचा काटेकोर अभ्यास झाला आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते, ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला यातले अर्थशास्त्र कळत नाही. पण शिकवणारी मुलगी वस्तीतलीच होती, हे माझ्या लक्षात राहिले.

दुसरे, डोळ्यांच्या आधी कान. पहिले काही दिवस पाटीही काढत नाही. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, का-न, म-का, ना-ला. "म" ने सुरू होणारे काय काय आहे, सांगा. कोरकू शब्द सांगितला तरी चालतो, उलट हवाच असतो. शब्द आवाजांचा बनलेला असतो आणि ते आवाज सुटे करता येतात, हे कळल्याशिवाय अक्षराला काय अर्थ?

तिसरे, थोडी अक्षरे आणि लगेच शब्द. आम्ही क, म, न, ल ही चार अक्षरे आणि काना एवढेच घेऊन सुरुवात करतो. बघा यातून काय काय होते: काम, कान, नाक, मान, मका, लाल, नाला, मामा, काका, कमान. आणि वाक्यसुद्धा होते, "मामाला मका." चार अक्षरांत मूल वाक्य वाचते! ते वाचून झाल्यावर मूल मान वर करून पाहते, त्या चेहऱ्याचे वर्णन मला करता येत नाही. हा गट पक्का झाला की पुढची चार अक्षरे आणि वेलांटी. जोडाक्षरे सगळ्यांत शेवटी. मूल मध्येच दोन महिने गावाबाहेर गेले तरी जितके गट झाले तितके शब्द ते बरोबर घेऊन जाते. अर्धी वर्णमाला घेऊन जाण्यापेक्षा ते बरे.

चौथे, मुलाचे बोलणे हेच पुस्तक. मूल सांगते, आम्ही लिहितो. "बकरी सिपना नदीत गेली." आधी ते कोरकूत सांगते. गावातली बारावी झालेली आमची ताई ते देवनागरीत कोरकूतच लिहिते आणि खाली मराठीत लिहिते. स्वतःचे वाक्य असल्यामुळे अर्थ मुलाला ठाऊकच असतो, आता फक्त अक्षरे ओळखायची. अशा कागदांची शिवून वही करतो. ही वही मुले घरी नेतात. त्यांच्या घरात आलेले ते पहिले पुस्तक असते.

पाचवे, तेच पुन्हा वाचणे. अडखळणाऱ्या मुलाची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात जाते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून लहानसाच मजकूर, पण तीन-चार दिवस. आधी मोठे माणूस वाचते, मग दोघे मिळून, मग मूल एकटे. चौथ्या दिवशी ते न अडखळता वाचते आणि मग अर्थाकडे लक्ष द्यायला मन मोकळे होते.

आणि सहावे, रोज पंधरा मिनिटे आम्ही मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. काही विचारायचे नाही, परीक्षा नाही. मध्ये थांबून एवढेच म्हणायचे, "पुढे काय होईल, सांगा बरे?"

एक सूचना शिकवणाऱ्यांसाठी. मूल अडले की आपण लगेच शब्द सांगून टाकतो. तसे करू नका. मनात पाचपर्यंत मोजा. आणि चुकले तर रागावण्याऐवजी चूक काय सांगते ते ऐका. "घर" ला "धर" वाचले, तर आकारात गोंधळ आहे. "नाक" ला "कान" वाचले, तर क्रम सुटतो आहे. अक्षरे बरोबर वाचून वाक्य कळले नाही, तर भाषा कमी पडते आहे. तिन्ही आजार वेगळे, औषधेही वेगळी. आणि फार प्रयत्न करूनही अक्षर ओळखू येत नसेल, तर आधी डोळे तपासा. आमच्याकडे एक मुलगा दोन वर्षे "मठ्ठ" म्हणवला गेला. त्याला चष्मा लागला होता.

बंधुभगिनींनो, हे सगळे ऐकायला छान वाटते. पण आमची हारसुद्धा सांगायला हवी.

चौथीतल्या त्या मुलीचा थोरला भाऊ माझ्याच हाताखालून गेला होता. तोही असाच पाठ म्हणणारा. परीक्षेत अडवत नव्हते, म्हणून आठवीपर्यंत पोहोचला. नववीत पहिल्या चाचणीला त्याच्यासमोर न पाहिलेला उतारा आला. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. मी घरी गेले तेव्हा तो वीटभट्टीवर गेला होता. आई म्हणाली, "बाई, तो म्हणतो, मला काही येत नाही, उगाच बसून काय करू?" मी त्या माउलीला काय सांगणार? तो नऊ वर्षे शाळेत होता, त्यातली चार माझ्याकडे. त्याला काही येत नव्हते असे नाही. त्याला ओढ्यातली वाळू पाहून सांगता येत होते, रात्री कोणते जनावर गेले. त्याला वाचता येत नव्हते आणि ते माझे काम होते.

मी आजही त्या घरावरून जाते तेव्हा पाय जड होतात. क्षमा मागितली आहे, देवाकडे आणि त्या आईकडेही. पण गेलेली वर्षे परत देता येत नाहीत. म्हणून मी घाईने सांगते आहे. तिसरीपर्यंत वाचता आले नाही तर पुढचा प्रत्येक विषय बंद दारासारखा होतो. शासनाच्या निपुण भारत अभियानानेही तिसरीची हीच मर्यादा धरली आहे. आणि प्रश्न शाळेपुरता नाही. रोजगार हमीच्या कार्डावर किती दिवस लिहिले, औषधाच्या चिठ्ठीवर एक गोळी की अर्धी, अंगठा कोणत्या कागदावर उठवला, हे ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर जगावे लागते.

मग आपण काय करायचे? इथे एका मिशनऱ्याची आठवण देते. फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी फिलिपिन्समध्ये मिंडानाओ बेटावर मारानाओ लोकांत काम करत होते. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, पैसे येणे थांबले, शिक्षकांचे पगार देता येईनात. वर्ग बंद पडणार अशी वेळ आली. तेव्हा तिथल्याच एका सरदाराने आग्रह धरला की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे. त्यातून "एकाने एकाला शिकवावे" ही चळवळ उभी राहिली. पुढे लॉबाक भारतातही आले. पैसा संपला तेव्हा काम वाढले, हे मला फार आश्वासक वाटते.

आपल्या मंडळीकडून माझ्या चार विनंत्या आहेत.

एक, वेळ द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण संघातल्या मुलांनी पंधरा दिवस यावे. खेळ आणि खाऊ वाटून परत जायला येऊ नका, रोज एका मुलाचे वाचन ऐकायला या. येण्यापूर्वी वीस कोरकू शब्द पाठ करून या, म्हणजे पहिल्या दिवशी हसण्याची पाळी मुलांची असेल.

दोन, पुस्तके पाठवा, पण निवडून. घरातली जुनी रद्दी नको. मोठी अक्षरे, पानावर एक-दोन ओळी, चांगली चित्रे असलेली पुस्तके हवीत. एका मोठ्या ग्रंथापेक्षा अशी दहा पातळ पुस्तके आमच्या जास्त कामाची.

तीन, आमच्या ताईंना धरून ठेवा. वर्ग त्यांच्यावर चालतो. त्यांचे मानधन वेळेवर गेले नाही तर दिवाळीनंतर त्याही खाली कामाला उतरतील आणि वर्ग बंद होईल. इमारतीसाठी अर्पण देणारे पुष्कळ असतात. आम्हाला इमारत नको, समाजमंदिराचा ओटा पुरतो.

चार, वर्ग सगळ्यांचा राहू द्या. आपल्या वाचनवर्गात मूल कोणत्या घरचे, कोणत्या देवाचे, हे आम्ही विचारत नाही आणि अक्षराच्या बदल्यात काही मागत नाही. आईबापांनी विश्वासाने मूल पाठवले आहे. तो विश्वास आपण जपायचा.

आणि एक काम घरच्या घरी. आज रात्री आपल्या मुलाला किंवा नातवाला जवळ घ्या, त्याने कधी न पाहिलेले पान उघडा आणि वाचायला सांगा. मग फिलिप्पाचा प्रश्न विचारा. शहरातल्या फीच्या शाळांतही पाठ म्हणणारी मुले पुष्कळ आहेत.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चौथीत असूनही ती लहानांच्या सतरंजीवर येऊन बसली. तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि ती रडलीही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी तिला न पाहिलेला कागद दिला. त्यावर लिहिले होते, "काकू नाल्यात आहे." ती एकेक अक्षर जुळवत शेवटपर्यंत गेली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि मग खदखदून हसली. म्हणाली, "बाई, कोणती काकू? तुमची की आमची?"

त्या दिवशी मला कळले की ती वाचते आहे.

ती आता आश्रमशाळेत सातवीत आहे. सुट्टीला आली की वर्गात धाकट्यांना वाचून दाखवते. तिच्यासाठी, तिच्या भावासाठी आणि आमच्या ताईंसाठी प्रार्थना करा. भाऊ परत येईल का, मला माहीत नाही. मागच्या होळीला तो गावात होता. बहिणीने त्याच्यासमोर वही ठेवली. त्याने ती उघडली नाही, पण जाताना पिशवीत घालून घेऊन गेला.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.